बाणाची पिसे बदलताना

लाकडी बाण आधी थकतो तो शेपटाकडून. टोक बोथट झाले तर कानस मारता येते, दांडीचे पॉलिश उडाले तर पुन्हा देता येते. पण रोज सरावाला जाणारा बाण हातात घेतला की सगळ्यांत आधी नजरेत भरतात ती पिसे. कुणाच्या कडा विरलेल्या, कुठले पीस मधूनच फाटलेले, कुठले दांडीवर आडवे झालेले, तर एखाद्याचे पुढचे टोक सुटून वर आलेले. असा बाण पुष्कळ जण भात्यातून काढून कोपऱ्यात टाकतात. वर्षभरात कोपऱ्यात मोळी जमते आणि मग नवे बाण मागवले जातात. ही पुस्तिका त्या मोळीसाठी लिहिली आहे. तिच्यातल्या बऱ्याच दांड्या धडधाकट असतात. दुखणे असते ते मागच्या सहा इंचांत, आणि ते घरच्या टेबलावर बरे करता येते.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठासून सांगतो. पीस झिजते म्हणून ते कच्चे ठरत नाही. ज्या गुणासाठी आपण ते बाणाला लावतो, त्याच गुणामुळे ते झिजते. हे समजले नाही तर पिसे बदलण्याचे काम कटकटीचे वाटते आणि माणूस प्लॅस्टिककडे वळतो.

लाकडी धनुष्याला मध्यभागी खिडकी कापलेली नसते. बाण मुठीच्या वर, धनुष्याच्या कुशीला, हाताच्या पाठीवर किंवा चामड्याच्या लहानशा कडेवर टेकलेला असतो. दोरी मात्र त्याला धनुष्याच्या मध्याकडे ढकलते. म्हणजे सुटणाऱ्या बाणाच्या वाटेत धनुष्याचे लाकूडच येते. दांडी त्या क्षणी वाकते, लाकडाला वळसा घालते, पुढे जाऊन उलट बाजूला वाकते आणि अशी लवत लवत काही अंतरावर सरळ होते. उघड्या डोळ्यांना यातले काही दिसत नाही. अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रफितीत मात्र ते पाहताना छातीत धडधडते. दांडी कितीही छान वळली तरी शेपूट लाकडाला किंवा हाताला थोडे घासूनच जाते. तिथे प्लॅस्टिकचे ताठ पाते असले तर ते आपटते आणि बाणाचे बूड बाजूला फेकले जाते. पीस आपटत नाही. ते दबते, वाट देते आणि धनुष्य ओलांडल्यावर पुन्हा उभे राहते. दर सुटीला हे दबणे आणि उठणे आलेच. मग गवतातून उपसणे आले, भात्यात शेजारच्या बाणांना घासणे आले, पावसाचे शिंतोडे आले. शेकडो वेळा वाट दिल्यावर एक दिवस पीस उठायचे थांबते. त्या दिवशी त्याचे काम पुरे झाले, एवढाच त्याचा अर्थ.

धनुष्य ओलांडल्यावर पिसांचे दुसरे काम सुरू होते. पतंगाला शेपूट लावतो ते ज्यासाठी, त्याचसाठी बाणाला पिसे. बाणाचे वजन टोकाकडे असते आणि हवेचा अडथळा पिसांपाशी. बूड जरा डावीउजवीकडे गेले की त्या बाजूची हवा त्याला ढकलून पुन्हा टोकाच्या मागे आणते. पीस मोठे असेल तर ही दुरुस्ती लवकर होते, पण वेगही तितकाच खाल्ला जातो. म्हणून जवळच्या लक्ष्यासाठी पाच इंची आणि लांबच्यासाठी चार इंची किंवा त्याहून लहान पीस वापरण्याकडे कल असतो. पिसाला जन्मतःच बाक असतो, त्यामुळे ते बाणाला फिरकीही देते. मागून पाहिले तर उजव्या पंखाच्या पिसांचा बाण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, डाव्या पंखाच्या पिसांचा उलट. दोन्हींत सरस-निरस असे काही नाही. मात्र एकाच बाणावर दोन्ही पंखांची पिसे मिसळली तर दोन फिरक्या एकमेकींशी भांडतात आणि बाण कुठेच नीट जात नाही. पिसे बदलताना होणाऱ्या चुकांमध्ये ही सगळ्यांत मोठी, आणि टाळायला सगळ्यांत सोपी. सगळी पिसे एकाच दिशेला तोंड करून टेबलावर पसरा. बाक डावीकडे कुणाचा, उजवीकडे कुणाचा, हे लगेच दिसते. दोन ढीग करा आणि एक ढीग कपाटात ठेवून द्या.

माणसाला हे सगळे फार पूर्वी उमगले होते. 1991 मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला. जग त्याला ‘ओत्झी’ म्हणून ओळखते. त्याच्या भात्यात 14 बाण होते. त्यांतले दोनच पुरे झालेले होते, बाकीच्या दांड्या अजून तयार व्हायच्या होत्या. त्या दोन बाणांना तीन-तीन पिसे होती, बर्च झाडाच्या डांबराने चिकटवलेली आणि वर बारीक दोऱ्याने गुंडाळलेली. चिकटवणे आणि गुंडाळणे, दोन्ही एकत्र. आज लाकडी बाण बांधणारा चांगला कारागीर हेच करतो. डांबराच्या जागी डिंक आला, एवढाच फरक.

इंग्लंडच्या लाँगबोची कथा लढायांच्या अंगाने पुष्कळदा सांगितली जाते. मला तिच्यातला पिसांचा हिशेब जास्त खेचून घेतो. पाचव्या हेन्रीने 1417 मध्ये फर्मान काढले की पाळीव हंसांच्या पंखांतली सहा-सहा पिसे काढून सरकारजमा करावीत. अंड्यावर बसणाऱ्या माद्यांना त्यातून वगळले होते. पुढच्याच वर्षी 11 लाख 90 हजार पिसांची मागणी झाली. एका बाणाला तीन पिसे धरली तर हा साधारण चार लाख बाणांचा साठा होतो. फौजेचे बळ गावोगावच्या तळ्यांवर पोहणाऱ्या हंसांच्या पंखांवर टेकले होते, हे या आकड्यांतून दिसते. रॉजर अ‍ॅस्कम या विद्वानाने, जो पुढे राणी झालेल्या एलिझाबेथचा शिक्षक होता, 1545 मध्ये ‘टॉक्सोफिलस’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यात पिसांवर त्याने बराच मजकूर खर्च केला आणि पहिला मान हंसाच्या पिसाला दिला.

त्याच वर्षी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका बुडाली. 1982 मध्ये ती वर काढली. गाळातून हजारो बाण निघाले. दांड्या टिकल्या होत्या, बहुतेक पॉप्लरच्या लाकडाच्या. पिसे मात्र गेली होती. पिसे होती तिथे दोऱ्याच्या वेढ्यांचे वळ राहिले होते आणि तांबे मिसळलेल्या हिरवट लेपाचे थर राहिले होते. पिसांना कीड लागू नये म्हणून तांबे घातले असावे, असे अभ्यासक मानतात. आपल्याकडच्या दमट हवेत बाण सांभाळणाऱ्याला हे लगेच पटेल. पावसाळ्यात बंद कपाटातल्या बाणांना कसर लागते. सप्टेंबरमध्ये कपाट उघडावे तर पिसाचा कणा तेवढा उरलेला आणि बाकी सगळे चाळण झालेले. भारतातले जुने, नक्षीदार बाण संग्रहालयांत पाहिले तर त्यांतल्या कितीतरी बाणांवर सोनेरी रंग शाबूत असतो आणि पिसे नसतात.

आपल्या ग्रंथांतही पिसांचा विचार बारकाईने झालेला आहे. वसिष्ठांच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेत बाणाला कोणत्या पक्ष्यांची पिसे चांगली याची यादी आहे. त्यात कावळा, हंस, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर अशी नावे येतात. पीस सहा अंगुळे कापावे, शिंगाच्या धनुष्याच्या बाणाला दहा अंगुळांचे लावावे, पिसे चार असावीत आणि ती स्नायूच्या तंतूने घट्ट बांधावीत, असे तिथे सांगितले आहे. सहा अंगुळे म्हणजे आजच्या मापाने सुमारे साडेचार इंच. आज दुकानात चार आणि पाच इंची तयार पिसे मिळतात, त्यांच्या बरोबर मध्ये हे माप पडते. ज्याने ही मापे लिहिली त्याच्यामागे बाण सोडून पाहणाऱ्यांच्या पिढ्या होत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

काव्यांतही हे पक्षी भेटतात. महाभारतातले बाण ठिकठिकाणी गिधाडाच्या पिसांचे आहेत. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात दिलीप राजा सिंहावर सोडण्यासाठी बाण काढायला हात मागे नेतो आणि त्याची बोटे बाणाच्या बुडाशीच खिळून राहतात; त्या बाणाला कालिदासाने कंक पक्ष्याची पिसे लावली आहेत. कवीने पीस कोणत्या पक्ष्याचे तेही सांगावे, म्हणजे ऐकणाऱ्याला ते ठाऊक असणार.

पण इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ग्रंथ वाचून उत्साहाने कामाला लागलेले तरुण मी पाहिले आहेत. गिधाडाचे पीस आज कुणीही वापरू नये. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने, मेलेल्या गुरांच्या मांसावाटे, 1990 च्या दशकापासून आपल्याकडची गिधाडे जवळजवळ संपवली. 2006 मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झाले, तरी गेलेली संख्या भरून आलेली नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि संरक्षित पक्ष्यांची पिसे बाळगणेही त्यात बसत नाही. मोराच्या आपोआप गळलेल्या पिसाऱ्याला कायद्यात सवलत आहे. मात्र बाणाला लागते ते मोराच्या पंखातले तांबूस, ताठ पीस, आणि ती सवलत त्याला लागू नाही. कावळा, घार, बगळा यांच्याही वाटेला जाऊ नये. पाळीव पक्षी पुरेसे आहेत. बाजारात तयार कापून मिळणारी पिसे बहुतेक टर्कीची असतात. ती रुंद, ताठ आणि टिकाऊ असतात. कुणी हंस पाळले असतील तर पंख झडण्याच्या दिवसांत त्यांच्याकडे पिसे मागता येतात. तीही उत्तम, टर्कीपेक्षा जरा मऊ. कोंबडीच्या पिसांवर वेळ घालवू नका. ती आखूड आणि लेचीपेची असतात.

घ्यायचे ते पंखाचे पीस, छातीचे किंवा शेपटीचे नाही. पंखाच्या पिसाच्या मध्ये कणा असतो आणि दोन्ही बाजूंना तंतू. एक बाजू अरुंद, दुसरी रुंद. बाणाला रुंद बाजू लागते. तंतूंना आणखी बारीक तंतू असतात आणि त्यांना सूक्ष्म आकडे. त्या आकड्यांनी शेजारचे तंतू एकमेकांत गुंततात, म्हणून पीस अखंड पात्यासारखे दिसते. फाटलेल्या पिसाला दोन बोटांत धरून बुडापासून कडेकडे अलगद ओढले की आकडे पुन्हा गुंततात आणि फट मिटते. पक्षी दिवसभर चोचीने हेच करत बसतो. पीस लावताना त्याचे जाड बूड बाणाच्या टोकाकडे यावे आणि तंतूंचा कल मागे, खाचेकडे असावा. उलटे लावलेले पीस हवेत तंतू पसरते आणि बाण फडफडत जातो.

बदलायला हात घालण्याआधी एक उपाय करून पाहावा, कारण त्याने निम्मे काम वाचते. किटलीत पाणी उकळत ठेवा. बाण टोकाच्या बाजूने धरा आणि पिसे वाफेत आणा, दोन-चार सेकंद, सावकाश फिरवत. हात वाफेपासून दूर राहील इतकी दांडी लांब असतेच. आडवे झालेले पीस वाफ लागताच हलते, एकेक तंतू वेगळा होऊन उठू लागतो, मग शेजारच्याला भिडतो. आता बाण बाजूला घेऊन तंतू बोटांनी सरळ करा आणि पिसे वर येतील असा उभा ठेवून वाळू द्या. पीस केसांच्या आणि नखांच्याच द्रव्याचे बनलेले असते. ओलसर उष्णतेत ते सैल होते आणि आपल्या मूळ घडणीकडे परत जाते. भात्यात दबून चपटी झालेली पिसे अशी परत येतात. विरलेली, तुटलेली, कसर लागलेली पिसे येत नाहीत. ती बदलायची.

बदलायची तर तिन्ही. याबाबत लोकांची मते वेगळी आहेत. एकच पीस फाटले असेल तर एकच बदला, असे म्हणणारे चांगले तिरंदाज मला माहीत आहेत. मला ते पटत नाही. तीन पिसे मिळून वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. वजनाचा मुद्दा इथे नाहीच. मुद्दा ताठपणाचा आहे. दोन जुनी पिसे दबतात तितके नवे दबत नाही. बाण धनुष्य ओलांडताना एका बाजूला जास्त ढकलला जातो, आणि मग तिरंदाज आपल्या सुटीत दोष शोधत बसतो. स्पर्धेच्या मैदानात दुसरा बाणच नसेल तर एक पीस लावून वेळ मारून न्यावी. घरी निवांत बसलो असताना तसे करण्याचे कारण नाही.

जुनी पिसे काढताना घाई नडते. पीस उपटले की त्याच्याबरोबर लाकडाची सालही निघते. आधी पुढचे-मागचे दोऱ्याचे वेढे सोडवा. मग ब्लेड जवळजवळ सपाट धरून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, पिसाचा कणा सोडवत न्या. उरलेला डिंक ब्लेड उभे धरून खरवडायचा, कापायचा नाही. सरसाने चिकटवलेले जुने पीस असेल तर कोमट पाण्याचे फडके गुंडाळून ठेवले की सरस सुटतो. अ‍ॅसिटोनने आजचे बरेच डिंक विरघळतात, पण दांडीवरचे पॉलिशही विरघळते, म्हणून आधी एका कोपऱ्यात लावून पाहा. शेवटी बारीक पॉलिश पेपरचा हलका हात. लाकूड उघडे पडले असेल तर तिथे पॉलिशचा हात देऊन ते वाळल्यावरच पुढे जायचे, नाहीतर लाकूड डिंक पिते आणि नंतर ओलही पिते.

आणि आता दांडी उघडी आहे, तर तिची तपासणी करायची. माझ्या मते पिसे बदलण्याचा सगळ्यांत मोठा फायदा हाच. एरवी मागचे सहा इंच पिसांखाली झाकलेले असतात. तडा तिथे असेल तर दिसत नाही. दांडीची दोन्ही टोके धरा, तोंडापासून लांब ठेवून किंचित वाकवा, थोडी फिरवा, पुन्हा वाकवा, असे सगळ्या बाजूंनी करा. कान द्या. बारीक टकटक आली तर आत तडा आहे. मग दांडीवरून कापसाचा पुंजका फिरवा. उसळलेला तंतू कापूस पकडतो. टोकाच्या लगेच मागचा भाग आणि खाचेच्या बुडाचा भाग डोळ्याजवळ नेऊन पाहा, कारण धक्के तिथेच बसतात. तडा सापडला तर त्या बाणाची दुरुस्ती नाही. त्याचे दोन तुकडे करा आणि फेकून द्या, म्हणजे दुसरे कुणी उचलून तो धनुष्याला लावणार नाही. तडकलेली दांडी सुटताना मोडली तर तिचा मागचा धारदार अर्धा भाग धनुष्य धरणाऱ्या हातात घुसतो. पिसे कितीही सुंदर लावलेली असली तरी या तपासणीशिवाय बाण भात्यात परत जाता कामा नये.

दांडी पास झाली की पुढचे काम आनंदाचे आहे. खाच दोरीवर बसते; खाचेला काटकोनात जे पीस येते ते धनुष्यापासून दूरच्या बाजूला असते. ते वेगळ्या रंगाचे ठेवतात, म्हणजे न बघता, नुसत्या नजरेच्या कोपऱ्यातून बाण बरोबर बसला की नाही ते कळते. उरलेली दोन त्याच्यापासून 120-120 अंशांवर. पिसांचे मागचे टोक खाचेपासून सुमारे एक-सव्वा इंच पुढे ठेवा, म्हणजे दोरी ओढणाऱ्या बोटांना जागा राहते. पीस नेमक्या जागी धरण्यासाठी जिग नावाचे साधन मिळते. ते घ्यावे, एका चमूला एक पुरते. दांडी त्यात अडकवायची, पीस चिमट्यात धरायचे, कण्यावर डिंकाची बारीक रेघ ओढायची आणि चिमटा दाबून ठेवायचा. डिंक बाहेर ओघळला तर तो जास्त झाला.

जिगशिवायही काम होते, आणि मला ती जुनी पद्धत अधिक प्रिय आहे. दांडीवर पेन्सिलीने तीन रेघा. पिसांची पुढची टोके दोऱ्याने बांधून घ्यायची, पिसे रेघांवर बसवायची आणि मग मेण लावलेला रेशमी दोरा पुढून मागे नागमोडी फिरवत न्यायचा. प्रत्येक वेढ्याला सुईच्या टोकाने तंतू अलग करायचे, त्या फटीतून दोरा कण्यावर बसवायचा, आणि बोटाने तंतू पुन्हा मिटवायचे. दर पाच-सहा मिलिमीटरला एक वेढा, तिन्ही पिसांतून. सुरुवातीला एका बाणाला तास लागतो. पण असा बांधलेला बाण डिंकाने दगा दिला तरी पीस सोडत नाही, आणि ‘मेरी रोझ’च्या दांड्यांवर वळ उमटले आहेत ते अशाच वेढ्यांचे.

कोणत्याही पद्धतीने लावा, पिसाच्या पुढच्या टोकाकडे पुन्हा एकदा वळा. ही जागा वेगळ्या प्रकरणाची हक्कदार आहे आणि पुढे तिला ते दिले आहे. कण्याचे ते टोक लाकडावर पायरीसारखे उभे राहिले, किंवा महिन्याभरात सुटून उचलले गेले, तर सुटणाऱ्या बाणाबरोबर ते हाताच्या पाठीत किंवा तर्जनीच्या बुडाशी शिरते. पिसाचा काटा मोडून आत राहिला तर तो काढायला डॉक्टरकडे जावे लागते. म्हणून टोक उतरते घासायचे, त्यावर डिंकाचा थेंब द्यायचा, दोऱ्याचे आठ-दहा वेढे घ्यायचे, वरून पॉलिशचा हात द्यायचा आणि वाळल्यावर बोट टोकाकडून मागे फिरवून पाहायचे. बोट कुठेही अडखळता कामा नये.

डिंकाबद्दल थोडक्यात. सरस सुंदर धरतो आणि हवा तेव्हा सोडतो, पण पावसात टिकत नाही. लाकडाच्या पांढऱ्या गोंदाचेही तेच. पिसांसाठी मुद्दाम मिळणारे डिंक कोरड्या-ओल्या दोन्ही हवेत टिकतात. झटपट चिकटणारे डिंक पीस वाकडे बसले तर सुधारायला वेळ देत नाहीत. नवख्याने त्यांच्यापासून दूर राहावे.

ही पुस्तिका कुणासाठी, तेही सांगायला हवे. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विजेतेपद मिळवले. दोघेही साताऱ्यात घडलेले. त्यांचे बाण कार्बनचे आणि पाती प्लॅस्टिकची. त्या बाणांबद्दल इथे काही नाही. ही पाने आहेत इंडियन राउंडच्या मुलामुलींसाठी, जे बांबूच्या धनुष्याने 30 आणि 50 मीटरवर लक्ष्य साधतात. लाँगबो वापरणाऱ्यांसाठी, ज्यांना जागतिक नियमांनुसार लाकडी दांडी आणि नैसर्गिक पीसच लागते. आणि घरात जुना तीरकामठा जपून ठेवलेल्यांसाठी. इंडियन राउंडमधली मुले बहुतेकदा गावाकडची, बेताच्या परिस्थितीतली असतात. त्यांच्या हातात बारा बाण असतात आणि हंगामभर त्यांच्यावरच भागवायचे असते. प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की पिसे बदलण्याचे काम मुलांकडून करून घ्या. स्वतः करून देऊ नका. ज्या मुलीने आपल्या बाराही दांड्या वाकवून, कान देऊन तपासल्या आहेत, तिला आपल्यातला कोणता बाण जड, कोणता जरा लवचिक, कोणता नेहमी डावीकडे जातो हे आकड्यानिशी ठाऊक असते. सुटी चुकली की बाण चुकला, हा प्रश्न ती स्वतः सोडवते.

पुढची प्रकरणे कामाच्या क्रमाने आहेत, पण ती तशीच वाचली पाहिजेत असे नाही. ज्यांची पिसे नुसती चपटी झाली आहेत त्यांनी वाफेचे प्रकरण वाचून पुस्तिका मिटली तरी चालेल. ज्यांच्याकडे कापलेली पिसे नाहीत, अख्खी आहेत, त्यांनी कणा चिरण्याचे आणि घासण्याचे प्रकरण आधी वाचावे. पावसाळ्यात बाण ठेवण्याचे प्रकरण मात्र सगळ्यांनी जूनच्या आत वाचावे. बाण आडवे रचून ठेवू नयेत, पिसे एकमेकांना टेकू नयेत, कपाटात डांबरगोळ्या असाव्यात आणि दर पंधरा दिवसांनी बाण काढून झटकावेत, एवढे केले तरी कसर बरीच दूर राहते.

सुरुवात सगळ्या मोळीपासून करू नका. तीन बाण बाजूला काढा, फार बिघडलेले नकोत, साधारण झिजलेले. त्यांच्या दांड्यांवर पेन्सिलीने एक, दोन, तीन असे आकडे घाला. पिसांची लांबी, उंची, खाचेपासूनचे अंतर आणि पंख डावा की उजवा, हे वहीत उतरवा. जुनी पिसे काढल्यावर ही मापे पुन्हा मिळत नाहीत. म्हणून पहिले प्रकरण मापांचे आहे.